शेऱ्याचा रकाना

केबिनमध्ये आम्ही चौघे होतो आणि कुणीच बोलत नव्हते. छताचा पंखा तेवढा आपले एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. आमच्या मिलचे मॅनेजर धनसुखभाई टेबलावरच्या दोन वस्तूंकडे आळीपाळीने पाहत होते. एक होते अर्धवट फाटलेले पांढरे लेबल आणि दुसरा होता राजीनाम्याचा अर्ज. अर्ज फोल्डिंग खात्यातल्या शीतलचा होता. लेबल, दुर्दैवाने, माझे होते. कलाबाई दाराला टेकून उभी होती आणि बोटांवरचा वाळलेला डिंक नखाने सोलत होती. शीतल खिडकीबाहेर पाहत होती. त्या खिडकीला बाहेरून पत्रा ठोकलेला आहे.

वाचकहो, ही शांतता माझी निर्मिती होती. इतकी परिणामकारक गोष्ट माझ्या हातून पूर्वी कधी घडली नव्हती.

मी हिलाल सोनवणे. मराठीचा एम.ए. राहणार नवागाम, सुरत. वडिलांनी लूमच्या खडखडाटात तीस वर्षे काढली. मुलाने शांत खोलीत बसून काम करावे एवढीच त्यांची इच्छा होती. ती पूर्ण करण्यासाठी मी नेटवर्किंगचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि पांडेसऱ्यातल्या साड्यांच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये थंडगार खोलीत येऊन बसलो. समोर मोठा पडदा. त्यावर मिलमधली एकशे त्रेचाळीस यंत्रे: संगणक, कॅमेरे, प्रिंटर, हजेरीचे मशीन, भिंतीवरचे वायफायचे डबे. प्रत्येकाचा एक ठिपका. यंत्र जिवंत असेल तर हिरवा, नाहीतर लाल.

ठिपक्यावर क्लिक केले की उजवीकडे त्या यंत्राचा तपशील उघडतो. नाव काय, जागा कोणती, किती दिवस न थांबता सुरू आहे. 'शेवटचे कधी दिसले' असाही एक रकाना असतो. हा रकाना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काही काळ मला काम सुचेना. माणसांच्या बाबतीत ही नोंद कुणी ठेवत नाही. आपण मात्र ती आतल्या आत मिनिटांसकट ठेवत असतो.

आणि सर्वांत खाली शेऱ्याचा रकाना. रिकामा, पांढरा, रुंद. तिथे यंत्राविषयी काही विशेष लिहावे अशी प्रोग्राम बनवणाऱ्याची अपेक्षा होती. रिकामी जागा पाहून हात आवरेल तो कवी कसला? दोन वर्षांत मी त्या एकशे त्रेचाळीस रकान्यांत मुक्तछंद भरून टाकला. तपशील उघडून पाहणारा मिलमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हता. मराठी कवीला एवढा वाचकवर्ग पुरतो.

गुरुवारी सकाळी धनसुखभाई खोलीत आले. "हिलालभाई, शनिवारे दिल्लीवाळी पार्टी तपासणी माटे आवे छे. दरेक मशीन पर लेबल जोईए. नाव, जागा, बधुं. केटला दिवस लागशे?"

"दिवस?" मी हसलो. ते हसू मला आजही आठवते. "दहा मिनिटं, धनसुखभाई."

'सर्व तपशील छापा' असे एक बटण त्या प्रोग्राममध्ये आहे. त्याच्या शेजारी 'निवडक तपशील' असे दुसरेही आहे, पण मी अर्धवट काम करणारा माणूस नाही. मी 'सर्व' दाबले. एम.ए.च्या दोन वर्षांत प्राध्यापकांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती, की कविता तपशिलात असते. नेमकी तेवढीच मी विसरलो.

साड्यांच्या गाठींची लेबले छापणाऱ्या मशीनमधून गुंडाळी बाहेर पडली. ती मी न उलगडता कलाबाईच्या हाती दिली. कलाबाई गाठींवर लेबल लावणाऱ्या बायकांची मुकादम. तिने लावलेले लेबल गाठ दुबईला पोहोचून फाटली तरी निघत नाही. संध्याकाळच्या सुट्टीपूर्वी तिने चार बायकांना घेऊन सगळी मिल लेबलमय करून टाकली.

इथे आमच्या मिलचा एक नियम सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी रंगाच्या टाकीवर 'झडप उघडू नये' असा कागद लावला होता. एका कारागिराने तो वाचला नाही आणि हळदी रंगाच्या नऊशे साड्या जांभळाच्या रंगाच्या निघाल्या. त्याला घरी बसवण्यात आले. तेव्हापासून मिलमध्ये चिकटवलेला कागद म्हणजे हुकूम. कागद कुणी लावला, का लावला, हे विचारायचे नाही. पाळायचा.

शुक्रवारी सकाळी मी मागच्या दाराने खोलीत शिरलो. पडदा पाहिला. एकशे त्रेचाळीस ठिपके हिरवेगार. मी चहा मागवला. मिल इतकी सुरळीत मी कधी पाहिली नव्हती.

चहाऐवजी रखवालदार आला. "हिलालभाऊ, गेटवर चला. पावणेदोनशे माणसं उभी आहेत. आत कुणी येईना."

गेटवर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हजेरीच्या मशीनपाशी गणपत उभा होता, कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर मशीनवरचा. गणपत परभणीकडचा. वाचता येणारा म्हणून त्याचा मान मोठा, आणि तो मान टिकवण्यासाठी तो न कळलेलेही समजावून सांगतो. मशीनवरच्या लेबलावर, जागा आणि क्रमांकाच्या खाली, माझ्या दोन ओळी होत्या:

बोट ठेवून जाऊ नकोस,
ठसा मागे उरतो.

"बोट ठिवायचं न्हाई असा हुकूम आलाय," गणपत ओडिशाच्या कारागिरांना हाताने खुणा करून सांगत होता. "ठसा उरायलाय म्हणं. साहेबलोकांस्नी ठशाचा तरास होतोय."

"गणपतराव, तो हुकूम नाही," मी म्हणालो.

"मग काय हाय?"

"भावना आहे."

गणपतने रांगेकडे वळून जाहीर केले, "अजून पक्कं न्हाई. थांबा."

मी आत धावलो. प्रिंटिंग खात्याच्या कॅमेऱ्यावर कुणीतरी नमुन्याच्या साडीचा पदर बांधला होता. त्याच्या लेबलावर लिहिले होते, 'पापणी मिटून घे, मला असे उघडे पाहू नकोस'. पदराआडून कॅमेरा अंधार टिपत होता आणि माझ्या पडद्यावर हिरवा होता. यंत्र जिवंत आहे एवढेच त्या ठिपक्याला कळते. त्याला काय दिसते आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. हा विचार वहीत टिपून घ्यावा असे मला वाटले, पण तेवढ्यात बॉयलरकडून हाक आली.

बॉयलरजवळच्या वायफायच्या डब्यापाशी रात्रपाळीचे अकरा जण मान वर करून उभे होते. सगळ्यांची नजर धुराड्यावर. डब्यावर लिहिले होते:

इथे थोडा थांब,
धूर तुझं नाव घेईपर्यंत.

"भाऊ," त्यांतला एक घाम पुसत म्हणाला, "अर्धा तास झाला. माझं नाव अजून आलं नाही. ड्यूटी सुटली का नाही ते कसं कळायचं?"

"जा घरी," मी म्हणालो.

"तुमी सांगून काय होतं? कागद तुमच्यापेक्षा मोठा."

त्या क्षणी मला फोल्डिंग खात्यातला संगणक आठवला.

त्याच्या शेऱ्यात मी लिहिलेली सर्वांत मोठी कविता होती. लेबलावर शेऱ्याला जागा दोनच ओळींची. कवितेच्या पहिल्या दोन ओळी अशा:

आता तू गेलीस तर बरं होईल,
इथल्या सगळ्यांनाच बरं होईल,

आणि त्या संगणकासमोर शीतल बसते. दिवाळीनंतर कामाला लागलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर. तिच्याबरोबर लागलेल्या दोघींना गेल्या महिन्यात काही कारण न देता कमी केले होते. वडील गेलेले, आई इंदुबाई डिंडोलीला घरात साड्यांना टिकल्या लावते. शीतल सकाळी आली, तिने ते लेबल वाचले, शेजारणीकडून कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला. कागद म्हणजे हुकूम. तिने पाळला.

आता तुम्हाला केबिनमधली शांतता समजली असेल.

ती धनसुखभाईंनीच मोडली. "शीतलबेन, तमने कोणे कीधुं जवानुं? मी सांगितलं?"

"तोंडाने सांगायला काय झालं होतं, साहेब?" शीतल खिडकीला म्हणाली. "संगणकावर चिकटवायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं. तीन जणी वाचून गेल्या. एकीने तर मला पाणी आणून दिलं."

"कलाबेन, तमे वांच्युं नहीं?"

"माले वाचता येतं," कलाबाई म्हणाली. "पण लेबल वाचत बसली तं चिटकवू कधी? आन् मी समजली, साहेबाचंच म्हणणं असंल. साहेबाले माणसं कमी करायचीच हौस."

धनसुखभाईंनी माझ्याकडे पाहिले. गप्प राहिलो तर शीतल गेटबाहेर जाणार होती. बोललो तर मी उघडा पडणार होतो. मला धीर आला असे म्हणणार नाही. फक्त 'शेवटचे कधी दिसले' या रकान्यात तिची वेळ थांबलेली मला दिसली, आणि मी टेबलावरच्या संगणकावर तो प्रोग्राम उघडला.

"हे अर्धं आहे," मी म्हणालो. "लेबलात दोनच ओळी मावतात. पुढे आणखी आहे."

फोल्डिंगच्या ठिपक्यावर क्लिक केले. तपशील उघडला. मी पडदा तिच्याकडे वळवला आणि वाचू लागलो. स्वतःची कविता मोठ्याने वाचण्याची संधी मला आयुष्यात प्रथमच मिळत होती, आणि समोर श्रोते होते एक मॅनेजर, एक मुकादम आणि एक राजीनामा.

आता तू गेलीस तर बरं होईल,
इथल्या सगळ्यांनाच बरं होईल,
असं मी तीन वाजता ठरवतो.
सव्वातीनला घडी घातलेल्या साड्यांतून
तुझ्या बांगड्यांचा आवाज येतो
आणि गेलेल्या पंधरा मिनिटांना
मी दारात जाऊन परत बोलावतो.

पंखा पुढे सरसावला आणि त्याने आपले वाक्य म्हटले.

"आमां कॉम्प्युटर क्यां आव्युं?" धनसुखभाईंनी विचारले. कवितेत कॉम्प्युटर कुठे आला, हा त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

"साहेब, गप बसा ना जरा," कलाबाई म्हणाली. "चांगलं लिहिलं भाऊ. माझ्या माणसानं बत्तीस वर्षांत एक चिठ्ठी नाही लिहिली माले."

शीतल पडद्याजवळ आली. तिने कविता स्वतः वाचली, ओळींवरून बोट फिरवत, माल मोजताना फिरवते तसे. तिच्या चेहऱ्यावरचा सकाळचा अपमान हळूहळू विरघळत होता. माझ्या छातीत एकशे त्रेचाळीस ठिपके एकदम हिरवे झाले. बोट सगळ्यात खालच्या ओळीपाशी थांबले.

"हिलालभाऊ," ती म्हणाली, "मी बांगड्या घालत नाही."

मी तपशील बंद करायला हात पुढे केला.

"आणि इथं खाली लिहिलंय. शेवटचा बदल, एकोणीस ऑगस्ट. मी दिवाळीनंतर लागले."

वाचकहो, ही गोष्ट मी इतका वेळ तुमच्यापासूनही लपवली. त्या खुर्चीवर शीतलच्या आधी उज्ज्वला बसत असे. दोन वर्षे. तिचे बारडोलीला लग्न ठरले, नवरा साखर कारखान्यात. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले. मला दोन दिले आणि म्हणाली, "तुम्ही किती कमी बोलता हो." कविता मी त्याच दुपारी पुरी केली. तपशील इतका काटेकोर असतो हे मी त्या प्रोग्रामच्या बाजूने नेहमी अभिमानाने सांगत असे.

"उज्ज्वलाताईसाठी होती ना?" शीतलने विचारले.

"हो."

"म्हणजे मला कुणी जा म्हटलेलं नाही."

"कोईए नथी कीधुं," धनसुखभाई घाईने म्हणाले. "तमारुं काम सारुं छे. सहा महिने झाले की पक्कं करू. हुं लखी आपुं, लिहून देतो. लेबल पर नहीं, कागळ पर."

"बरं," शीतल म्हणाली. तिने डब्याची पिशवी खांद्याला लावली. दिवसाचे काम संपले होते, नोकरी वाचली होती, आणि माझ्याशी तिचे आता काहीही देणेघेणे राहिले नव्हते.

मला एक गोष्ट सांगायची होती. दिवाळीपासून साडेचार महिने मी रोज सकाळी फोल्डिंगचा ठिपका उघडतो. शेऱ्याच्या रकान्यात कर्सर लुकलुकतो. आणि मी तो रकाना तसाच बंद करतो. एकीविषयी लिहिले आणि ती बारडोलीला गेली. दुसरीविषयी लिहायची मला भीती वाटते. ज्याच्याविषयी लिहीत नाही तेच माणूस उद्या पुन्हा येते, असा माझा समज झाला आहे. माझ्यासारख्या माणसाला न लिहिण्यासाठी किती बळ लागते, हे तिला कळायला हवे होते. हे सगळे मी नीट जुळवले, अनावश्यक शब्द गाळले, आणि उरले ते म्हणालो.

"शीतल, तुमच्याविषयी मी एक ओळही लिहिलेली नाही."

कलाबाईने कपाळावर हात मारला, आणि तो डिंकामुळे क्षणभर तिथेच चिकटला.

शीतलने माझ्याकडे पाहिले, सकाळपासून पहिल्यांदाच. तिला अर्थ लागला की नाही, हे दाखवणारा ठिपका मला कुठे दिसेना.

"उद्या याल ना?" मी विचारले.

तिने टेबलावरचा अर्ज उचलला, साडीच्या काठाला काठ जुळवावा तशी त्याची घडी घातली, ती पिशवीत ठेवली आणि निघून गेली.