मटण नंबर सात

रविवारी सकाळी अकराला पद्मावतीअक्का जिना चढून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. चप्पल दाराबाहेर राहिली, नाक आधीच आत पोचलं होतं.

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधली ही वरची खोली मल्हार आणि शमिकाला त्यांनी एकाच अटीवर दिली होती. घरात मांस-मच्छी शिजणार नाही. आणि मल्हारची कंपनी नेमकी मटारच्या प्रोटीनपासून मटण बनवायची. त्यात चव आणायचं काम त्याचं. आज तो ते घरीच कढईत परतून बघत होता.

"वास कसला?"

"मटारचा, अक्का."

"चाळीस वर्षं मटार सोलतेय मी. मटारला असा वास येत नाही."

"तोच तर आणलाय! सहा महिने लागले."

"म्हणजे वास मटणाचा आहे."

"वास मटणाचा आहे. पण मटण नाहीये."

अक्कांनी शमिकाकडे पाहिलं. नवरा बरा आहे ना, अशा नजरेने. मग फ्रिज उघडला. आतल्या डब्यावर मल्हारच्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं, 'मटण ७'.

"आणि हे?"

"सातवा प्रयोग."

"पहिली सहा कुठेयत?"

"खाल्ली," मल्हार प्रामाणिकपणे म्हणाला. शमिकाने कपाळावर हात मारला.

"अय्यो! सहा वेळा! माझ्या घरात!"

"अक्का, तुम्ही स्वतः स्वल्प चाखून बघा ना."

"मी जन्मात मटण खाल्लेलं नाही. मला काय कळणार, हे आहे का नाही ते?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून अक्कांनी गॅलरीतून समोरच्या योगीराजना हाक मारली. मूळचे कोल्हापूरचे. दर रविवारी स्वतः उभं राहून मटण तोडून घेणारे. गल्लीतला खाटीकसुद्धा त्यांना वचकून असायचा.

"मटण असेल तर महिनाअखेर खोली रिकामी," अक्कांनी निकालाआधीच शिक्षा सांगून टाकली.

"ते काहीही म्हणू देत, तू गप्प बस," शमिका मल्हारच्या कानात पुटपुटली.

योगीराजनी एक तुकडा चावला. मग दुसरा.

"नाही हो अक्का. हे मटण नाही. सोयाबीनच्या वड्या असतात ना, तसलं काहीतरी आहे."

शमिकाने श्वास सोडला. अक्कांचा चेहरा निवळला. "सरी, ठीक आहे. माझंच चुकलं बाळा."

इथे सगळं मिटलं होतं. पण मल्हारच्या कानात एकच शब्द घुमत होता.

"वड्या?"

"मल्हार," शमिका म्हणाली.

"एक मिनिट. अण्णा, तुम्ही घाईत गिळलंत. नीट चावा. रेषा कशा सुटतात बघा. आणि चरबी? जिभेवर मागे येते की नाही?"

योगीराजनी भिडेखातर तिसरा तुकडा घेतला. "हं... येते खरी."

"मल्हार!"

"आता डोळे मिटा. हाडालगतचा तुकडा आठवा. आठवला? चावा आता."

योगीराज बराच वेळ चावत राहिले. मग त्यांचे डोळे उघडले.

"आयला! मांडीचं आहे काय हे?"

मल्हारने त्यांना मिठीच मारली. "अक्का, ऐकलंत? मांडीचं म्हणाले! कोल्हापूरचा माणूस म्हणाला!"

"ऐकलं," अक्का म्हणाल्या. "तीस तारखेला चाव्या खाली आणून दे."

त्या जिना उतरेपर्यंत मल्हारने साहेबांना फोन लावलासुद्धा. "सर, सात नंबर पास!"

"अभिनंदन," शमिका म्हणाली आणि माळ्यावरच्या बॅगा काढायला स्टूल शोधू लागली.