भोळ्याला अबोला शिकवताना

जेवताना झालेला अपमान जो पचवतो, त्याला अन्न पचत नाही. कुटुंबसंस्था आजवर टिकली आहे ती असल्या न पचलेल्या अपमानांवरच.

दादा या बाबतीत आदर्श होते. पाहुण्यांदेखत धाकट्या भावानं "दादाला आता वाढू नका, पोट बघा त्याचं" असं म्हटलं, त्या दिवसापासून त्यांनी भावाशी अबोला धरला होता. घर एक, स्वयंपाकघर एक, पंगती मात्र दोन. आधी दादा जेवायचे, ते उठले की भाऊ. मधल्या वेळात दादांची बायको टेबल पुसायची आणि उसासे टाकायची (उसाशांची दखल घेण्याची पद्धत नव्हती).

अशा शिस्तीच्या घरात दादांच्या मुलीनं हौसेनं दोन ॲक्सोलॉटल आणले, एक भोळ्या आणि एक हावऱ्या. ॲक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा, चार पायांचा, चेहऱ्यानं कायम हसतमुख प्राणी. नजर अधू. तोंडासमोर जे हलेल ते अन्न, हा त्याचा एकमेव सिद्धांत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात गांडुळावर झडप घालताना हावऱ्यानं भोळ्याचा पुढचा पाय गिळला.

दादांनी प्रकरण ताबडतोब आपल्या हाती घेतलं. काचपेटीत मधोमध जाळी बसवली, दोघांना वेगवेगळ्या वेळी चिमट्यानं गांडूळ भरवायचं ठरवलं. जेवताना अपमान, तोही आपल्याच माणसाकडून! दादांचे डोळे भरून आले.

पण भोळ्याकडे स्वाभिमान औषधालाही नव्हता. कधीही बघावं तर हा जाळीला नाक लावून हावऱ्याकडे तोंड करून बसलेला. दादांनी उपाय केले. जाळीवर पुठ्ठा लावला. हावऱ्याची आठवण काढली की गांडूळ उशिरा (आठवण काढल्याचं कसं ओळखायचं, हे दादांनाच ठाऊक). रोज कामावर जाण्याआधी पेटीसमोर स्टूल घेऊन झाल्या प्रकाराची त्याच्याकडून उजळणी करून घेतली. घरातल्या शंभर टक्के जाणकारांचं (म्हणजे दादांचं) मत पडलं, की सुधारणा आहे. भोळ्या हसतच होता.

काही आठवड्यांत त्याला नवा पाय फुटला, अगदी बोटांसकट. मुलीनं जाळी काढली, तर दोघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून खुशाल पडून राहिले. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"निर्लज्ज आहे," ते बायकोला म्हणाले. "पाय आला म्हणून काय झालं? गेला होता ना?"

"त्याचा पाय गेला होता," ती म्हणाली. "तुमचं काय गेलं होतं?"

प्रश्न विषयाला धरून नसल्यामुळे दादांनी तो दाखल करून घेतला नाही.

तेवढ्यात धाकटा दारात आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाला, "दादा, गांडुळं संपलीत. येतोस बरोबर? येताना बाहेरच जेवू दोघं."

दादांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! 'चल' हा शब्द अगदी ओठांवर आला. मग तत्त्व आठवलं. ते पेटीकडे वळून भोळ्याला म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी माफी माग."

भोळ्यानं निरोप पोचवला नाही. धाकटा एकटाच गेला. दादांनी जाळी पुन्हा बसवली.

तुम्हाला दादांचं हसू आलं असेल. साहजिक आहे. वाचता वाचता तुम्हालाही कुणीतरी आठवलं असेलच. पण तुमची गोष्ट वेगळी. तिथे चूक खरोखरच त्याची होती.