शशिधरच्या फोटोचं ओझं

रविवारी सकाळी अकराला शशिधरचं लग्न जमायचं होतं आणि पावणेअकराला सर्व्हर बसला.

राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत काम करताना त्याने समाजाची वधू-वर साईट बनवली होती आणि मोठ्या हौशीने स्वतःचंही स्थळ तिच्यावर टाकलं होतं. गडहिंग्लजच्या गुरुसिद्धअण्णांची दानेश्वरी त्याच्या मनात भरली होती. अण्णा तिथल्या इंटरनेट कॅफेत जाऊन स्थळ बघणार आणि पसंत पडलं तर संध्याकाळी मुलगी दाखवणार, असं ठरलं होतं. फोन वाजला.

"पावणं, साईट उघडंना की!" अण्णा ओरडले. "तुमी कॉम्प्युटरमधलं हाईसा म्हणालासा न्हवं?"

शशिधर ऑफिसातच बसला होता. कोपऱ्यातल्या सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्के राबत होता. साईट दाखवणारी एक प्रोसेस बंद केली की दोन नव्या उठत होत्या. त्याने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दोन मिनिटांत परत शंभर.

"तापलाय त्यो," म्हणत मालक हंबीररावांनी टेबलफॅन आणून सर्व्हरसमोर लावला.

शेवटी कोण काय बघतंय याची नोंद शशिधरने उघडली. सगळी गर्दी एकाच स्थळावर होती. त्याच्याच! त्याने कॅफेत फोन लावला.

"अण्णा, एकटंच बघताय न्हवं?"

"एकटा कसा? पोरगी द्यायची म्हंजे चार माणसांनी बघाय नको? हितं भावकी बसल्या, संकेश्वरात आत्ती, निपाणीत मामा. उघडंना म्हणून समदी सारखं बटण दाबाय लागल्यात."

आता उलगडा झाला. आईने स्टुडिओत काढून घेतलेला फोटो, बोटातली अंगठीसुद्धा दिसावी म्हणून, शशिधरने अवाढव्य आकारातच चढवला होता. कुणी स्थळ उघडलं की सर्व्हर तो पडद्यावर मावावा म्हणून पहिल्यापासून लहान करत बसायचा. अख्खी भावकी एकदम आल्यावर बिचाऱ्याचं कंबरडंच मोडलं.

शशिधरने घाईघाईत फोटोच काढून टाकला. प्रोसेसर तीन टक्क्यांवर आला. हंबीररावांनी अभिमानाने फॅन बंद केला.

लगेच अण्णांचा फोन. "उघडलं की! पर फोटू कुटं गेला? निपाणीचं म्हणत्यात, पोरात कायतरी खोट हाय."

"खोट न्हाय अण्णा! फोटो लई मोठा हुता, सर्व्हरला झेपंना..."

तिकडे कुजबुज झाली आणि एका मुलीचा आवाज आला. "मग एकदाच लहान करून ठेवा की. दरवेळी कशाला त्याला राबवताय?"

"व्हय," शशिधर म्हणाला. तिने सांगितलं तसं फोटो एकदाच लहान करून त्याने परत चढवला. भावकीने फोटो मनसोक्त पाहिला आणि सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. पुढची दहा मिनिटं मात्र शशिधरला जाता जाईनात. मग फोन वाजला.

"या सांच्याला," अण्णा म्हणाले. "भावकीला पसंत हाय."

"आणि... दानेश्वरीला?"

"ती म्हणतीया, कामात जरा कच्चं हाय, पर सांगितल्यालं ऐकतंय. चालंल."