खूण पटंना

मुरलीआबांच्या घरी भाजी अळणी झाली की मिठाची बरणी अंगणाच्या मधोमध येऊन बसायची. बोलायचं कुणीच नाही. शेवंताकाकू बाहेर येत, बरणीकडे बघत, ती उचलून आत जात आणि संध्याकाळची आमटी अशी खारट करत की आबा रात्रभर पाणी पीत. त्या घरात याला गप्पा म्हणत.

मी लग्न होऊन अंथुर्ण्यात आले, तेव्हाच शेजारच्या या नवरा-बायकोचा अबोला चांगला जुना झाला होता. कारण काय, तर दारातला शेवगा. उसाची ट्रॉली वळेना म्हणून काकू माहेरी कन्हेरीला गेलेल्या असताना आबांनी तो तोडला. परत आल्यावर काकू एकच वाक्य म्हणाल्या, “आजपासनं माझ्याशी बोलू नगा.”

दुसऱ्या कुणी दोन दिवस मनधरणी केली असती. आबांनी आज्ञा पाळली.

“तिचा हुकूम हाय,” ते सांगत. “तिनंच मागं घ्यायचा. आपुन मोडायचा न्हाय.”

आणि काकू कुंपणाच्या भिंतीवरून मला म्हणत, “पयला शब्द बोलले तर जीभ झडंल का ह्यांची?”

दोघंही एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होते. मला तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

पण संसार थांबत नाही. मग खुणा निघाल्या. रिकामी काडेपेटी आबांच्या गादीवर ठेवली, म्हणजे बाजारातून आणा. चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे मी फरशी पुसतेय, चालते व्हा. उंबऱ्यावर तांब्या उपडा असला तर टाकीतलं पाणी संपलंय, मोटर लावा. सुलटा असला तर चहा झालाय. एखादी खूण मला कळली नाही की आबा ती समजावून सांगत आणि शेवटी विचारत, “खूण पटली?”

पहिल्याच उन्हाळ्यात मी घोटाळा केला. ताक द्यायला गेले, उंबऱ्यावर उपडा तांब्या दिसला. नवी सून, नीटनेटकेपणाची हौस, केला सुलटा. आबा शेतातून आले, तांब्या बघून खूश झाले आणि ओट्यावर चहाची वाट बघत बसले. आत काकू मोटरीची वाट बघत बसल्या. आबा खाकरले. काकूंनी पातेलं आपटलं. आबा पुन्हा खाकरले. ऊन कलेपर्यंत हे चाललं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबा रागावले नाहीत. “पोरी,” एवढंच म्हणाले, “दुसऱ्याचं बोलनं मधीच तोडू नये.”

बारामतीला दिलेल्या लेकीनं त्यांना मोबाईल घेऊन दिला, तर तिथंही तेच. काहीही आलं की आबा अंगठा पाठवत. बारशाला अंगठा, लग्नाला अंगठा. बावड्याचे चुलते वारल्याची बातमी भावकीच्या ग्रुपवर आली, तिलाही अंगठा. भावकी चिडली. आबांना कळेना काय चुकलं. “बगितलं म्हून सांगितलं की!”

मग एका सकाळी आबा गोठ्यातून आले, तर उंबऱ्यावर तांब्या आडवा पडलेला होता.

उपडा नाही, सुलटा नाही, आडवा. ही नवी खूण कसली म्हणून आबा अंगणातच विचार करत उभे राहिले. मी भिंतीपलीकडून बघितलं ते असं. मग तांब्यातलं पाणी वाहत त्यांच्या पायापर्यंत आलं आणि ते ओरडले, “अगं शेवंते!”

पहिला शब्द असा निघाला. काकू आत पडल्या होत्या.

बारामतीच्या दवाखान्यातून त्या परत आल्या, तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. आता मात्र आबा बोलायचे थांबेनात. ऊस किती वाढला, गाभण गाय कशी आहे, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं त्यांच्या उशाशी बसून सांगत. अंगणात नवा शेवगाही त्यांनी लावला आणि तेही सांगितलं. इतकी वर्षं साठवलेलं सगळं सांगत होते, आणि ते आत पोचतं का नाही, हेच त्यांना कळत नव्हतं.

एक दिवस ते आमच्या दारात आले. चेहरा पार उतरलेला.

“जरा येती का? ती काय तरी सांगतीया. खूण पटंना.”

मी गेले. काकूंनी डाव्या हाताची बोटं जुळवली, तोंडाशी नेली आणि हात आबांकडे केला. आबांनी लगबगीनं पेजेची वाटी उचलली. “बग, भरव म्हनती. आन भरवाया गेलं की तोंड फिरवती.” चमचा ओठांशी नेला, काकूंनी मान वळवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आबांनी वाटी खाली ठेवली. “अजून राग हाय तिचा,” ते म्हणाले. “माज्या हातचं नगं तिला. मी आदीच बोलाया पायजे हुतं गं.”

मी काकूंचा हात बघत होते. भिंतीवरून रोज दुपारी त्या मला हीच खूण करायच्या, मोटरीच्या आवाजात ओरडायला नको म्हणून. फक्त तेव्हा सोबत हनुवटी वर उडायची. आता मान उशीवरून उचलवत नव्हती. तेवढंच राहून जात होतं.

“आबा, काकू मागत नाहीयेत,” मी म्हटलं. “विचारतायत, ‘तुमी जेवला का?’”

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंकडे. काकूंनी डोळे मिटून उघडले.

“ह्याला आमच्यात खूणच न्हवती,” ते हळूच म्हणाले. “लागलीच न्हाय कवा. ताट वाडल्यालं असायचं.”

काल दुपारपासून ते जेवले नव्हते. मी घरून भाकरी आणि पिठलं आणलं. आबा काकूंना दिसतील असे खाटेसमोर जमिनीवर बसले. पहिला घास तोंडात घातला आणि त्यांना रडू फुटलं. रडणारा माणूस जेवणार कसा? पण काकू बघत होत्या, म्हणून त्यांनी तो गिळला. मग दुसरा. बोटं जुळवलेला काकूंचा हात तसाच वर होता. भाकरी संपली, आबांनी रिकामं ताट उचलून त्यांना दाखवलं आणि म्हणाले, “जेवलो गं.”

तेव्हा काकूंनी हात खाली घेतला.