लुंगीची फुलं

"त्यात काय मोठंसं! वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर पत्रे कापलेत मी. कापड म्हणजे किस झाड की पत्ती!" गुणाजींनी फोनवर लेकीला छातीठोक सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

त्यांच्या बायकोला, सगुणाला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या साड्या नातेवाइकांत वाटल्या गेल्या. उरली होती एकच, हिरवी. नेमकी तीच डोंबिवलीच्या लेकीला, संचिताला, होणाऱ्या बाळाच्या गोधडीसाठी हवी होती. गोधडीही नव्या तऱ्हेची! कापडं एकावर एक ठेवायची, त्यांवर फुलं शिवायची आणि शिवणीच्या आतलं वरचं कापड कापून टाकायचं, की खालचं दिसतं. साडी द्यायला गुणाजींचा जीव होईना. पण पोटुशा लेकीला नाही कसं म्हणणार? मग निदान आपल्या हातून तरी होऊ दे, म्हणून त्यांनी काम अंगावर घेतलं.

कोपरीच्या घरात त्यांनी फरशीवर कापडं अंथरली. खाली अस्तराला स्वतःची निळ्या चौकड्यांची लुंगी, वर साडी. सगुणाही गोधडीला चांगली साडी वरच घालायची. शिवाय बायकोची साडी नवऱ्याच्या लुंगीखाली? छे, शोभतं का!

सगुणाच्याच मशीनवर फुलं शिवली. मग कात्री, कचाकच! खूण केली की कापत सुटायचं, ही कारखान्यातली सवय. कंबर सरळ करायला उठले तेव्हा कुठे त्यांनी नीट पाहिलं, आणि कात्री बाजूला ठेवली.

संचिता आली ती दारातच थबकली.

"बाबा! आईची साडी खाली ठेवायची होती!"

"खाली? तिची?"

"अहो, खालचंच फुलांत दिसतं ना! आता बघा, जिकडे तिकडे तुमची लुंगी फुललीय!"

ती पोट धरून हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. गुणाजींनाही राहवेना.

"ही बाळाला नको," डोळे पुसत ती म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे."

गुणाजींना फार वाईट वाटलं. साडी घरातच राहिली म्हणून हायसंही वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते तीच गोधडी, साडीची बाजू अंगाकडे घेऊन, पांघरून आडवे झाले. पाय ताणला, तर अंगठा कापलेल्या फुलात अडकला. टर्रर्र! साडी आणखी वीतभर फाटली.

गुणाजींनी सवयीने डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत घातली आणि स्वयंपाकघराकडे कान लावला.

बराच वेळ गेला. कोणीच ओरडलं नाही.