लाकूड, खिळे आणि आत्या

समाजाची सांस्कृतिक उंची त्या समाजाला न बसता किती वेळ उभं राहता येतं, यावरून मोजतात. बसलेल्या माणसाला कला दिसत नाही, त्याला फक्त समोरचं दिसतं. आमच्याकडे समोर समुद्र होता. लोक काठच्या पदपथावरच्या बाकांवर बसून वर्षानुवर्षं तोच तो समुद्र बघत होते. (त्यात रोज नवीन काहीच घडत नाही, हे इतक्या वर्षांत एकाच्याही ध्यानात येऊ नये, यावरून बसण्याचे दुष्परिणाम कळावेत.) ही अधोगती थांबवण्यासाठी सुशोभन समितीने पदपथावर शिल्पप्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी समितीचा सहचिटणीस. चिटणीस निराळे. ते सही करतात, मी सहीची जागा दाखवतो.

समितीने पहिल्याच बैठकीत सगळी बाकं उचलायचा ठराव केला. घाईघाईत नव्हे, रीतसर पाहणी करून. पाहणीत असं आढळलं, की बाकांवरचे चौऱ्याण्णव टक्के लोक नुसते बसलेले असतात आणि उरलेले सहा टक्के आडवे झालेले असतात. कलेकडे तोंड करून बसलेला एकही इसम सापडला नाही. (तेव्हा तिथे कला नव्हती हे खरं, पण आवड असती तर माणसाने आधीपासून तयारी ठेवली असती.) बाकं गोदामात गेली आणि शिल्पं आली.

शिल्पं उच्च दर्जाची होती. ती उच्च दर्जाची आहेत असं खालच्या पाटीवरच लिहिलं होतं, त्यामुळे वादाला जागा उरली नाही. एक वाकवलेला लोखंडी नळ होता, त्याचं नाव 'अनंताचं कोपर'. एक भलामोठा फायबरचा कान होता, त्याचं नाव 'मौन'. त्या कानामुळे समुद्र दिसत नाही, अशी एका गृहस्थाने तक्रार केली. त्याला आम्ही शांतपणे समजावलं, की खरं पाहता समुद्रच कानाच्या मागे येऊन पार्श्वभूमी बिघडवतोय, पण समितीने मोठ्या मनाने त्याला तिथे राहू दिलंय.

प्रेक्षकांनीही लौकरच शिस्त अंगी बाणवली. शिल्पापुढे यायचं, पाटी वाचायची, मान किंचित तिरकी करायची, 'हं' म्हणायचं आणि शिल्पाकडे पाठ करून फोटो काढायचा. वेळ उरलाच तर शिल्प बघायचं. 'हं' मात्र फार लांबवायचा नाही. लांबलेल्या 'हं'मधून कळलं नसल्याचा वास येतो.

असं सगळं छान चाललं होतं. पण मला एक आत्या आहे.

आत्या निवृत्त नर्स. सबंध नोकरी तिने उभ्याने काढली. मागच्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की रोज चालायचं आणि थोडं चाललं की बसायचं. चालली नाहीस तर पाय आखडेल, आणि एकदा आखडला की पलंग. आमच्या गल्लीला चढ आहे. बसत बसत चालायला सपाट जागा एकच, तो पदपथ. अशा रीतीने एका बाईचा खासगी पाय सार्वजनिक कलेच्या आड आला.

एके दिवशी ती थेट समितीच्या कार्यालयात आली. (तिथे चौदा खुर्च्या आहेत. विचार करायला बैठक लागते.) ती सरळ अध्यक्षांच्या खुर्चीत बसली.

"बाकं कुठायत?"

"आत्या, ती गोदामात अगदी सुरक्षित आहेत," मी म्हणालो.

"मला गोदामात फिरायला जायचं नाही."

अध्यक्ष स्वतःच्या कार्यालयात उभे होते, तरी त्यांनी सौजन्य सोडलं नाही. प्रदर्शन असेतो पदपथावर कलाकृतीखेरीज काहीही ठेवता येत नाही, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे कला असली तर चालेल?"

"चालेल काय, पाहिजेच!"

"बरं," आत्या म्हणाली आणि उठली. मी तिला दार उघडून दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

ती गल्लीतल्या सुताराकडे गेली. जुन्या दाराच्या फळ्या काढून दिल्या आणि म्हणाली, "मजबूत कर बाबा, मी काही हलकी नाही." बाक तयार झालं. ते हातगाडीवर घालून तिने प्रदर्शनाला पाठवलं. शिल्पाचं नाव: बाक. माध्यम: लाकूड, खिळे. संकल्पना: बसण्यासाठी.

परीक्षक तिघे होते आणि दुपारपासून पेंगत होते. बाक आल्यावर त्यांना तरतरी आली. पहिले म्हणाले, बाकाला बाक म्हणण्याचं धाडस आपल्या पिढीत कोणी केलं नव्हतं. दुसऱ्यांनी 'बसण्यासाठी' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यातला उपहास किती बोचरा आहे ते पहिल्यांना समजावलं. तिसरे अस्वस्थ झाले. (परीक्षक अस्वस्थ होणं ही सर्वोच्च श्रेणी. त्याखाली विचारमग्न, आणि आवडलं म्हणजे नापास.) बाक एकमताने निवडलं गेलं आणि पदपथाच्या बरोबर मध्यावर, आत्याचा पाय भरून येतो नेमक्या त्या ठिकाणी, मांडलं गेलं. त्या संध्याकाळी आत्याने मला चहा दिला. तो शेवटचा.

कारण घोडं पेंड खातं ते इथंच. बाक जोवर बाक होतं, तोवर बसायला कोणाची ना नव्हती. पण ते आता शिल्प झालं होतं, आणि शिल्पाला हात लावायला मनाई. मग बाकी अवयवांचा प्रश्नच येत नाही. चार खांब रोवले, दोरी ओढली, रखवालदार ठेवला. सकाळी आत्या चालत आली आणि दोरी उचलून आत जाऊ लागली.

"आजी, आत नका जाऊ. शिल्प आहे ते."

"मीच केलंय."

"मग तर तुम्हाला माहीतच असेल," रखवालदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तोही पहाटेपासून उभाच होता. आत्याने त्याच्या पायांकडे बघून घेतलं, सूज किती आहे ते त्याला सांगितलं, आणि कठड्याला धरून, थांबत थांबत ती परत आली.

संध्याकाळी तिने मला गाठलं.

"तू सहचिटणीस ना? मग काहीतरी कर. मला राग आलाय, आणि दमही लागतोय. उभ्याने दोन्ही एकदम जमत नाही रे."

मी तिला नियम उलगडून सांगितला. प्रेक्षक बसला तर ती असंस्कृती, कलावंत बसला तर ती कलाकृतीची विटंबना, आणि या दोहोंत न बसणाऱ्या माणसाची तरतूद नाही. तरी उपसमिती नेमता येईल, असंही मी सुचवलं. औषध न घेता गोळी उशीखाली लपवणाऱ्या पेशंटकडे ती नोकरीत जशी बघत असेल, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

पुढे 'बाक'ला पहिला पुरस्कार मिळाला. सत्कार बाकाशेजारीच झाला. व्यासपीठावर मान्यवरांसाठी सहा खुर्च्या होत्या. कलावंत मात्र कलाकृतीजवळ उभी असलेली शोभून दिसते, असं फोटोग्राफरचं मत पडलं. थकल्याभागल्या माणसाची वेदना या चार फळ्यांत कशी साकार झाली आहे, यावर अध्यक्ष बराच वेळ बोलले. बोलता बोलता त्यांनी रुमाल काढला, तेव्हा त्यांना पाणी दिलं गेलं. थकलेलं माणूस तेव्हा दोरीच्या खांबाला धरून उभं होतं. शेवटी आत्याला दोन शब्द बोलायची विनंती झाली.

"बसू का?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळची सगळ्यांत मोठी टाळी त्या दोन शब्दांना पडली. लोक उठून उभे राहिले. एका समीक्षकाने दुसऱ्या दिवशी त्यांवर मोठा लेख लिहिला आणि हा मानवजातीने क्षितिजाला विचारलेला प्रश्न आहे, असं दाखवून दिलं. उत्तर कोणी दिलं नाही. इतक्या उंचीच्या प्रश्नाला उत्तर देणं बरं दिसत नाही.

लोकाग्रहास्तव प्रदर्शन कायमचं झालं. गोदामातली बाकं भंगारात काढली. 'बाक'भोवती दोरीऐवजी काच आली, रखवालदाराची गरज उरली नाही. (तो आता घरी बसलाय. समितीकडून बसायची परवानगी मिळालेला तो एकमेव माणूस.) डॉक्टरांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, त्यांच्या ज्ञानाचं कौतुक करावं तेवढं थोडं. आत्या हल्ली पलंगापासून खिडकीपर्यंत चालते. तेही मी धरलं तर. खिडकीतून समुद्र दिसत नाही. प्रदर्शनाचा फलक दिसतो, त्यावर तिच्या बाकाचं चित्र आहे.

आपणही प्रदर्शनाला येऊन गेलात, त्याबद्दल समिती आभारी आहे. आपला 'बाक'समोरचा फोटो मी पाहिला, छानच आलाय. मान अगदी हवी तेवढी तिरकी आहे. त्या दिवशी आत्या पदपथावर शेवटची आली होती. काचेवर हात टेकून दम घेत उभी होती, आणि आपण मोबाइल वर धरून फार आदबीने म्हणालात, "काकू, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

ती झाली बाजूला. फोटो मोठा करून पाहिलात, तर डाव्या कडेला काचेवर तिची चार बोटं दिसतील. तेवढी कापून टाका, मोबाइलमध्ये तशी सोय असते.