डॉक्टर म्हणाले, घरी न्या

रावसाहेबांच्या घशात घास अडकायला लागला तेव्हा मनकर्णाबाईंना वाटलं, भाकरी कडक झाली असेल. म्हणून त्यांनी भात केला. भातही अडकला. मग रावसाहेबांनी आमटी भुरकून पाहिली, तर तीही घशाशी येऊन थांबायला लागली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घशातच पाणी पुढे सरकेना, यावर कुणीतरी हसलं असतं. पण त्या घरात हसणारं कुणी उरलं नव्हतं. एकुलती एक मुलगी, ऋतुजा, नोकरीसाठी हैदराबादला गेली होती. ती गेली आणि घसा बिघडला. या दोन गोष्टी शेजारी मांडून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

रावसाहेबांना राग यायचा आणि भूक लागायची. याशिवाय आत काही झालं तर त्याला ते पित्त म्हणत. लहानपणी, सांगोल्याकडच्या वस्तीवर, आई कपाळावर हात ठेवायची ती फक्त ताप आल्यावर. एरवी तिला सवड नसायची. जवळ माणूस हवं असेल तर तसं तोंडाने सांगायचं असतं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नाही.

सोलापुरातले दवाखाने पालथे घालून झाले. दुर्बीणही घशातून खाली उतरली, घास तेवढा उतरेना. शेवटी डॉक्टरांनी रावसाहेबांना बाहेर बसवलं आणि मनकर्णाबाईंना एकट्यांना आत बोलावलं. इथेच घात झाला.

“काहीही निघालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला. मुलीला बोलावून घ्या, भाऊबंद असतील त्यांची भेट घडवा. माणसांत ठेवा.”

सासूबाईंच्या वेळी मनकर्णाबाईंनी अगदी हेच शब्द ऐकले होते, आणि सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या होत्या. आपल्याकडे दुखणं जिवावरचं असलं की पेशंटला बाहेर बसवतात आणि नातेवाइकाला आत घेऊन आवडेल ते खाऊ घालायला सांगतात. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पदराने डोळे पुसून बाहेर आल्या.

“काय म्हनला डॉक्टर?”

“काय न्हाय म्हनले.”

रावसाहेबांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. आपल्या आईच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनीही तिला हेच सांगितलं होतं. रिक्षात दोघं आपापल्या बाजूचा रस्ता बघत बसले. आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं तिनेही ठरवलं.

ऋतुजा रजा टाकून आली. धाकटा भाऊ भीमा एका लग्नातल्या मानपानावरून वर्षानुवर्षं बोलणं टाकून बसला होता, तोही सांगोल्याहून पिशवीभर डाळिंबं घेऊन दारात उभा राहिला. सगळे ‘कसं वाटतंय’ विचारत आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघत. मनकर्णाबाईंनी शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरून शेंगापोळ्या केल्या. आता मरायचंच आहे, मग ठसक्याला काय भ्यायचं, म्हणून रावसाहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला. तो उतरला. त्यामागून दुसराही उतरला.

ऋतुजा पाय चेपत बसायची. भीमा डाळिंब सोलून दाणे त्यांच्या हातावर ठेवायचा आणि विहिरीत पोहतानाच्या गोष्टी काढायचा. रावसाहेब दोन्ही वेळा ताट पुसून जेवायला लागले. मरण इतकं चवदार असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरच्यांचा मात्र धीर सुटत चालला.

“वैनी,” भीमा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, “जानारा मानूस शेवटाला असाच खातो.”

मनकर्णाबाई रडत रडत आणखी पोळ्या लाटायला बसल्या.

शेवटी ऋतुजाने मन घट्ट केलं आणि डॉक्टरांकडे जाऊन, किती दिवस राहिलेत ते विचारलं.

“कशाचे?” डॉक्टरांनी विचारलं.

उलगडा झाला. वडिलांचा घसा ठणठणीत आहे, डॉक्टरांनी समजावलं. दुखतं ते खोटं नसतं, पण मनातलं बोलता आलं नाही की काहींचं ते अंगात जाऊन बसतं.

खरं तर घरात पेढे वाटायला हवे होते. पण सगळेच ओशाळले. उगाच एवढं गोड बोलून बसलो, या विचाराने भीमा अस्वस्थ झाला. त्याने उरलेली डाळिंबं पिशवीत भरली, मग दोन काढून टेबलावर ठेवली आणि दुपारच्या एसटीने गेला. ऋतुजाने बॅग भरली.

“अण्णा, आठवण आली तर फोन करायचा की,” निघताना ती म्हणाली. “घास कशाला अडकवून घेता?”

“हूं,” रावसाहेब म्हणाले.

घर पुन्हा गप्प झालं. तिसऱ्या घासाला भाकरी अडली. रावसाहेब पाणी प्यायले, त्यांनी छातीवर हात फिरवला, पित्ताच्या गोळीकडे पाहिलं. मग ताटावरून उठून त्यांनी फोन घेतला.

“काय झालं अण्णा?”

“काय न्हाय.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुजी आठवन आली, म्हनून केला.”

मग ऋतुजाने आईला फोन द्यायला सांगितलं. मनकर्णाबाईंनी तो कानाला लावला.

“आई,” ऋतुजा रडत म्हणाली, “आता तरी खरं सांग. डॉक्टरांनी माझ्यापासून लपवलं ना? तुला किती दिवस सांगितलेत?”